कुठं होतीस?

"पाच वाजता आगरदांड्याच्या फाट्यावरून गेलीस," ताट पुढे ओढत कुलदीप म्हणाला.

सुचिताने भाकरी वाढली. कुलदीप पोलिसात होता, कंट्रोल रूमला. रस्त्यावरचे कॅमेरे गाड्यांचे नंबर टिपायचे आणि तो संगणकावर बायकोच्या स्कूटीचा नंबर टाकून बघायचा. यंत्रणा बसवली होती चोरांसाठी. सापडत होती सरकारी दवाखान्यातली एक नर्स.

"आई आजारी हाय," ती म्हणाली.

"असू दे. तुझ्या भावानं भर मांडवात मला टॉवेल-टोपी दिली न्हाय. आधी माझा मान, मग तुझं माहेर."

भावाच्या, गणराजच्या लग्नातली ही गोष्ट. अख्ख्या गावाला टॉवेल-टोपी वाटताना सख्खा जावईच राहून गेला. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. घरचाच माणूस, कुठे पळतोय, म्हणून त्याला शेवटी ठेवला आणि विसरले. नंतर गणराज पाया पडून गेला. पण जावयाला रुसण्याची गोडी लागली होती.

सुचिताची आई, आवडाबाई, आगरदांड्याला एकटीच असायची. ड्युटी सुटली की सुचिता जाऊन तिची वेणी घालून यायची. रस्ता एकच, त्यावर कॅमेरा. एसटीने जावं तर परतीची गाडी नाही. गेली की जेवताना तिची वेळ तिलाच ऐकायला मिळायची. मारहाण, शिवीगाळ असलं काही नव्हतं. तो नुसता सांगायचा आणि मग दिवसचे दिवस बोलायचा नाही. हळूहळू तिचं जाणं कमी झालं, मग थांबलंच.

"ड्युटी असते गं," ती फोनवर सांगायची.

"व्हय गो बाय, सवडीनं ये," आई म्हणायची.

श्रावणात आवडाबाई गेली. शेवटी शेवटी शेजारीण वेणी घालायची म्हणे. सुचिताला रडू आलं नाही. भूल दिलेल्या जागेसारखं सगळं आत बधिर झालं होतं. बाराव्याला गणराजने चारचौघांत कुलदीपला टॉवेल-टोपी दिली. त्याने टोपी नीट बसवून घातली.

दिवाळीच्या सुमारास तो चिडून घरी आला.

"वरून आदेश आलाय. गुन्हा नंबर आन् साहेबांची मंजुरी असल्याशिवाय कुठल्या गाडीचा नंबर शोधायचा न्हाय. कोण तरी कोर्टात गेला म्हणं. लोकांची प्रायव्हसी!"

"बरं झालं," सुचिता म्हणाली.

"कुणाचं?"

तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर तिने स्कूटी आगरदांड्याकडे वळवली. कॅमेऱ्याखाली सवयीने तिची मान खाली गेली. गणराज नोकरीला मुंबईत, घराला कुलूप होतं. ती ओटीवर बसली. ओटीवरच्याच कोनाड्यात आईची फणी तशीच होती, दोन पांढरे केस अडकलेली. जेट्टीवरून खाडीपलीकडच्या दिघीची बोट गाड्या भरून निघाली. बोट पलीकडे लागेपर्यंत सुचिता बसून राहिली आणि मग घरी आली.

कुलदीपने ताट पुढे ओढलं. भाकरी मोडली, पुन्हा ठेवली. आज त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, म्हणून त्याला विचारावं लागलं.

"कुठं होतीस?"

"आईकडं."

"तिथं आता कोण हाय?"

"कोण न्हाय," सुचिता म्हणाली आणि तिने आपलं ताट वाढून घेतलं.