रफ वहीत गुंडाळलेला तापमापक

मी तापमापक बोलतोय. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या शाळेत निम्म्या मास्तरांना हा फरक ठाऊक नाही. एकाने तर मला काखेत धरून पाहिले होते.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. काचेच्या नळीत पारा भरला, अंगावर रेघा आखल्या आणि मला मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत रवाना केले. येताना मी मोठ्या तोऱ्यात होतो. बाकी सगळे खोटे बोलतील, मी बोलणार नाही, एवढाच माझा अभिमान होता.

शाळेने मला कपाटात ठेवले. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक कायम मीटिंगला. ‘मुलांना देऊ नका, फुटेल’ हे इतकी वर्षे ऐकले की माझा शोध न फुटण्यासाठीच लागला असावा असे वाटू लागले. विज्ञान दिनाला मला टेबलावर मांडत, फोटो काढत आणि पुन्हा आत टाकत. प्रदर्शनात बक्षीस दरसाल थर्माकोलच्या ज्वालामुखीला. तो मुलाच्या बापाने केलेला असतो हे परीक्षकांना माहीत असे, कारण आपल्या पोरासाठी त्यांनीही तसाच एक केलेला असे.

गेल्या मार्चमध्ये शाळेत एक पत्र आले. बुलढाण्याच्या एका कॉलेजात नववी झालेल्या वीस मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे शास्त्रज्ञांसोबत संशोधन करता येणार होते, राहणे-जेवणासकट. अट एकच. आपल्या गावात पंधरा दिवस कशाचे तरी निरीक्षण करायचे आणि ती वही घेऊन मुलाखतीला यायचे. विज्ञानाच्या भागवत सरांनी पत्र वाचले आणि जेवणाच्या डब्याखाली अंथरले. नववीतल्या सफाने ते तिथे पाहिले. मग आठ दिवस ती रोज स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. शेवटी कटकट नको म्हणून सरांनी मला तिच्या हाती दिले.

सफाचे वडील जब्बारभाई बसस्टँडवर रसवंती चालवतात. घरावर टिन, त्यामुळे दुपारी आत बसवत नाही. टिनावर ओली पोती टाकली तर खोली किती थंड होते, एवढाच तिचा प्रश्न होता. एका खोलीवर पोती, दुसरीवर काही नाही. बारा, दोन आणि चार वाजता मला दोन्हीकडे टांगून ती आकडे लिहायची. एका पानावर रस सांडला. एक दिवस ती साखरखेर्ड्याला मावशीच्या घरी लग्नाला गेली, तो रकाना तिने तसाच रिकामा ठेवला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी वाचत होते. मनातून मी सुखावलो होतो.

एका दुपारी तिने रसवंतीवरच्या बर्फाचा चुरा केला, तो वितळू लागल्यावर मला त्यात बुडवले आणि बघत बसली. वितळत्या बर्फात पारा शून्यावर येतो, असे तिच्या पुस्तकात होते. मी दोन दाखवले. दुसऱ्या दिवशीही दोन, तिसऱ्या दिवशीही दोन. तिने ते लिहून ठेवले. गावातला बर्फच भेसळीचा, असे मी ठरवले आणि विषय संपवला.

भागवत सरांनी वही पाहून नाक मुरडले. आमच्याकडे प्रयोग दोनदा लिहितात, एकदा रफ आणि एकदा फेअर. रफमध्ये दिसलेले असते, फेअरमध्ये दिसायला हवे होते ते. लग्नाचा रिकामा दिवस बघून सर म्हणाले, “मागचा आकडा पाह्य, पुढचा पाह्य, अन् मधला टाकून दे.” बर्फाच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. “शाळेचा थर्मामीटर खोटा म्हनतं काय तू?”

सफाने मान खाली घालून फेअर वही लिहिली. लाल समास, मुखपृष्ठावर वेलबुट्टी, आणि आकडे कसे शहाण्या मुलांसारखे रांगेत. रफ फेकून दे, असे सर म्हणाले होते. तिने फेकली नाही. मुलाखतीत छाप पडावी म्हणून मलाही न्यायचे ठरले होते. घाटात एसटीच्या धक्क्यांनी मी फुटू नये म्हणून तिने त्याच रफच्या पानांत मला गुंडाळले.

बुलढाण्याला मुलाखत घ्यायला जयमाला मॅडम होत्या. त्यांनी फेअर वही चाळली. पंधरा दिवसांत एकही दिवस चुकला नाही का, असे त्यांनी विचारले. सोबत आलेले भागवत सर लगेच म्हणाले, आमची विद्यार्थिनी फार नियमित आहे. सफाने ‘हो’ म्हटले की सुटका होती. ‘नाही’ म्हणावे तर पुढचे वर्ष दहावीचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण याच सरांच्या हातात. तिची बोटे माझ्याभोवती आवळली. मग तिने मला सोडवून टेबलावर ठेवले आणि ती चुरगळलेली पाने मॅडमपुढे सरकवली.

“हे खरं हाय, मॅडम. ते फेअर हाय.”

सरांनी खोडलेली ओळ मॅडमनी मोठ्याने वाचली. थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतो, बर्फात तीनदा पाहिले. मग त्या म्हणाल्या, “तुला दोन खोल्यांतला फरकच काढायचा होता. वजाबाकीत ही चूक निघूनच जाते. मग लिहिलीस कशाला?”

“होती म्हनून लिहिली,” सफा म्हणाली. “मले दिसली होती.”

मी टेबलावर पडून होतो. जन्मभर सगळ्यांना खोटारडे म्हणत आलो आणि स्वतः मात्र रोज दोन अंश वाढवून बोलत होतो. वय झाले असेल, नाहीतर पहिल्यापासूनच तसे असेल. कोणी तपासले नाही, मीही नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटायची मला सवय नव्हती.

सफाची निवड झाली. शाळा उघडल्यावर सरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितले की, फेअर वही नीटनेटकी होती म्हणूनच हे झाले. टाळ्या पडल्या. ती वही आता नमुना म्हणून ऑफिसात ठेवली आहे आणि नववीची पोरे तिच्यावरून वेलबुट्टी उतरवून घेतात. या लोकांपुढे कोणी डोके आपटावे?

त्याआधी, बुलढाण्याचे सहा आठवडे संपवून आल्यावर, सफाने माझ्या मागच्या बाजूला एक बारीक चिठ्ठी चिकटवली, मग मला परत केले. आता मी पुन्हा कपाटात आहे. कधी कोणी उघडलेच, तर एवढे ऐका. फोटोसाठी मला मांडू नका. मला वाचा, आणि मी जे सांगेन त्यातून दोन वजा करा.