पाच गाठींची दोरी

मी एक सुती दोरी. बोटाएवढी जाड, अंगावर पाच गाठी. आधी एका टेम्पोवाल्याकडे सामान बांधायच्या कामाला होते. त्याची पोर बिट्टी बालवाडीत जायला लागली तेव्हा त्याने मला धुतलं, गाठी मारल्या आणि तिथल्या बाईंच्या हवाली केलं. "रस्ता ओलांडताना पोरं धरतील," म्हणाला.

बाई मला पिशवीत घेऊनच फिरत. दोन वर्षं एकाच गल्लीतली पाच पोरं माझ्या गाठी धरून आली-गेली. सगळ्यात मागे बिट्टी, तिच्या पुढे ढब्बू. घरी बिट्टीची अखंड बडबड, पण बाहेर पडली की तोंडाला कुलूप. काही हवं असलं की ती ढब्बूच्या कानात सांगायची आणि तो खणखणीत आवाजात जाहीर करायचा, "बिट्टीला शू लागलीय." दुसऱ्या वर्षी ती बाकीच्या तिघांशीही पुटपुटायला लागली. बाई खूश होत्या.

पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा बाई मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. पिशवीतून मी सगळं ऐकत होते.

"सर, ही पाच पोरं एकाच वर्गात राहू द्या. त्यातली एक तर एकटी पडली की मिटूनच जाते."

"ओळखीची पोरं एकत्र बसवली की नुसता गोंगाट होतो, बाई. चार दिवस रडतात, मग रुळतात."

"सगळीच नाही रुळत, सर."

"मग एका पोरीसाठी नियम बदलू का?"

बाईंनी पिशवी उचलली.

पहिल्या दिवशी पाचही जण मला धरून फाटकातून आत गेले. कारकुनाने यादी वाचली. दोघं 'अ'मध्ये, ढब्बू आणि आणखी एक 'ब'मध्ये, बिट्टी एकटी 'क'मध्ये. चौघांनी मला सोडलं. बिट्टीने सोडलं नाही. शिपायाने तिची बोटं एकेक करून उलगडली. माणूस वाईट नव्हता; "चल बाळा," म्हणत होता. ढब्बू घसा ताणून सांगत होता, "तिला तिकडे नाही जायचं." त्याचं कुणी ऐकलं नाही.

पुढचं टेम्पोवाल्याने बाईंना सांगितलं, तेव्हा मी बालवाडीतल्या खुंटीवर होते. वर्गात बिट्टीने तोंड उघडलंच नाही. शू लागली तेही सांगितलं नाही. पोरांनी तिला 'मुकी' म्हणायला सुरुवात केली. सहामाहीला शेरा आला, 'आकलन कमी'. पुन्हा बालवाडीत बसवा, असा निरोप मिळाला.

"आता घरीसुद्धा बोलत नाही हो," तो म्हणाला आणि चप्पल शोधत बसला. चप्पल पायातच होती.

वर्षअखेरीला मुख्याध्यापक स्वतः बालवाडीत आले, नातवाचा दाखला न्यायला. "त्याचे दोन दोस्तही 'अ'मध्येच घेतलेत. जरा बुजरा आहे हो. एकटा राहत नाही."

बाईंनी सही केली. "बरं केलंत, सर," एवढंच बोलल्या.

जाताना त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या, सगळ्यांपेक्षा डोक्याने उंच पोरीवर गेली. "नाव काय बाळा तुझं?"

बिट्टी खाली बघत राहिली.

"शिकवा हिला जरा बोलायला," ते हसत बाईंना म्हणाले.

हल्ली मी दार न लागणाऱ्या कपाटाला बांधलेली असते. पोरांना एकेकटं गाडीवरून आणून सोडतात. मला पुन्हा कामाला लावा, असं माझं मागणं नाही. पोराला पहिलीत घालताना त्याने कुणाचा हात धरलाय तेवढं खाली वाकून बघा. उद्या बिट्टी दुसऱ्यांदा पहिलीत जाईल. तिने कुणाचाच धरलेला नसेल.