सासूबाईंची टकळी

अस्लाकला कॅरव्हॅन मागे घेता येत नव्हती. पुढे न्यायला तो पटाईत होता. स्टाइनशेर गावातल्या घरून निघून तीन दिवस झाले होते, आणि किनाऱ्याच्या त्या अरुंद, नागमोडी रस्त्यावर त्याने गाडीमागे जोडलेलं ते चाकांवरचं घर एकाही खडकाला घासू दिलं नव्हतं. पण मागे घ्यायची म्हटलं की हात डावीकडे जायचे आणि कॅरव्हॅन भलतीकडेच. शाळेत तो भूमिती शिकवायचा, कोणता कोन कसा पडेल हे फळ्यावर सुरेख काढून दाखवायचा. मे महिन्यात एका रविवारी तो सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात गुपचूप सराव करायला गेला आणि ढकलगाड्यांची अख्खी रांग आडवी करून आला. त्यानंतर त्याने तो नाद सोडला आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही.

सांगणार तरी कोणत्या तोंडाने? फेब्रुवारीत सासरे, हाल्वोर, गेले. मेहुणा म्हणाला, आता कॅरव्हॅन विकून टाकू. सासूबाई, बोर्गहिल्ड, खिडकीतून अंगणातल्या त्या पांढऱ्या डब्याकडे नुसत्या बघत बसल्या. दर जुलैत ती कॅरव्हॅन लांगवेर बेटावर न्यायची, दिरांच्या कुरणात उभी करायची आणि महिनाभर तिथे राहायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. ते बघून अस्लाकच छाती पुढे काढून म्हणाला होता, "मी नेतो. त्यात काय एवढं?"

मग त्याने रस्ता असा आखला की मागे घ्यायची वेळच येऊ नये. मुक्कामाच्या जागा निवडल्या त्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशा. एखाद्या वळणावर बायको, सिग्ने, म्हणाली की थांब ना रे, इथून सात बहिणींची शिखरं काय झकास दिसतायत, तर तो म्हणायचा, पुढून आणखी झकास दिसतात. बघता बघता सातही शिखरं मागे पडली आणि पुढून काहीच दिसलं नाही. गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटींची त्याला भीती नव्हती. पाच खाड्या ओलांडून झाल्या होत्या. बोटीला दोन तोंडं, एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं.

ऊन लख्ख होतं. दहा वर्षांची लिव हॉलंडहून आलेल्या कॅरव्हॅन मोजत होती आणि तिचा आकडा चौऱ्याऐंशीवर गेला होता. तिच्या शेजारी आजी शांत बसली होती. तीन दिवसांत बोर्गहिल्डबाई "हं" आणि "चालेल" यापलीकडे गेल्या नव्हत्या. पूर्वी त्यांच्या तोंडाला खीळ म्हणून नसायची. फेब्रुवारीपासून ते सगळं थांबलं होतं, आणि सिग्नेला त्याचीच काळजी होती. आई रडली असती तरी चाललं असतं, असं ती अस्लाकला दोनदा म्हणाली होती.

शनिवारी दुपारी समुद्रकाठच्या सपाट खडकावर बसून त्यांनी डबे उघडले. पावावर तपकिरी चीज, थर्मासमधली कॉफी. आईला बोलतं करायचं म्हणून सिग्नेने जुनी आठवण काढली. लांगवेरची बोट लहान, एकाच तोंडाची, गाड्या उलट्या चढवाव्या लागतात. बाबा आम्हा पोरांना आधीच बोटीच्या वरच्या मजल्यावर पिटाळायचे, वॅफलच्या रांगेत. आम्ही वरून काचेतून बघायचो.

"आणि बाबा एका दमात आत," ती म्हणाली. "तेही आईची शेजारी टकळी चालू असताना. सारखी आपली बोलतेय, बोटं नाचवतेय. दुसरा कोणी असता तर वेडा झाला असता. बाबा मात्र थंड."

आई आता तरी उसळेल, अशा आशेने तिने वळून पाहिलं. बोर्गहिल्डबाई "हं" म्हणाल्या आणि कॉफी पिऊ लागल्या.

अस्लाकने हातातला पाव डब्यात परत ठेवला. चौदा वर्षं तो लांगवेरला जात होता, पण शाळेची कामं आटोपून, मागाहून, माणसांच्या बोटीने. गाड्यांची बोट त्याने कधी पाहिलीच नव्हती.

धक्क्यावर पोचले तेव्हा त्यांचा नंबर पाचवा होता. ही आजची शेवटची फेरी, पुढची सोमवारी. कॅरव्हॅन चढली नाही तर ती धक्क्यावरच राहणार, आणि सासूबाईंचा उन्हाळाही. रांगेत अर्धं बेट होतं. हाल्वोरची कॅरव्हॅन सगळ्यांनी ओळखली. एकाने टोपी काढली, दुसऱ्याने ट्रॅक्टरवरून हात केला. पुढच्या चारही गाड्या झोकात उलट्या आत गेल्या. सिग्ने म्हणाली, घरची रीत ती रीत, आणि लिवला घेऊन वॅफल आणायला वर गेली. बोर्गहिल्डबाईही मागून उतरल्या. त्याही वर जाणार असं अस्लाकला वाटलं, तेवढ्यात त्याच्या शेजारचं दार उघडलं आणि त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"तुला मागे घेता येत नाही," त्या म्हणाल्या.

अस्लाकने बोटीकडे पाहिलं, मग हातांकडे. "नाही," तो म्हणाला. "आई, मला सांगायला हवं होतं. मला लाज वाटली."

"तीन दिवस बघतेय. मुक्काम समोरून आत, समोरून बाहेर. सात बहिणींनाही टांग मारलीस." त्यांनी पट्टा लावला. "हाल्वोरलाही येत नव्हतं."

"काय?"

"एवढाली जहाजं धक्क्याला लावणारा माणूस. ही डबडी मागे घेता येत नाही हे इथे चारचौघांत कसं सांगणार? मी अकराव्या वर्षापासून वडिलांच्या ट्रॅक्टरवर, मागे गवताची ट्रॉली. म्हणून पोरं वर आणि मी इथे. चल, हात खाली घे. स्टिअरिंगच्या तळाशी धर. शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात ने. माझ्याकडे बघू नकोस, आरशात चाक बघ."

बोटीवरच्या खलाशाने हात केला. अस्लाकने गाडी मागे घेतली, आणि कॅरव्हॅन सरळ कठड्याच्या दिशेने निघाली. खलाशाने हाताची घडी घातली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"सोड. पुढे घे, सरळ कर. त्यांना बघू दे, त्यांना दुसरं काम काय आहे? पुन्हा. हळू. जरासा उजवीकडे हात. जरासा म्हटलं, जावईबापू, कणीक नाही मळायची. आता परत आण. परत, परत, परत. तसंच. आता येऊ दे. हाल्वोर इथेच घाई करायचा, तू नको करूस. येऊ दे. डावीकडे बोटभर. तो खलाशी काय दाखवतो तिकडे लक्ष देऊ नकोस, त्याच्या बापालाही कळत नव्हतं."

त्या बोलत राहिल्या, बोटं नाचवत राहिल्या. काय म्हणतात त्यापेक्षा त्यांच्या आवाजाच्या मागोमाग अस्लाकचे हात जात होते. चाकं लोखंडी फळीवर खडखडली, कॅरव्हॅनची पाठ बोटीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. खलाशाने अंगठा दाखवला. अस्लाकचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बोर्गहिल्डबाईंनी हात मांडीवर घेतले आणि त्या रडू लागल्या, फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच. "दरवर्षी झालं की म्हणायचा, बोर्गहिल्ड, हे आपल्या दोघांतच," त्या म्हणाल्या. अस्लाकने समोरच्या कप्प्यातून कागदी रुमाल काढून दिला आणि म्हणाला, आता तिघांत. त्यांनी नाक शिंकरलं. "दुसऱ्यांदा बरी आणलीस," त्या म्हणाल्या.

सिग्ने आणि लिव वॅफल घेऊन धावत खाली आल्या. सिग्नेचे डोळे चमकत होते.

"बाबांसारखंच, अस्लाक! दुसऱ्या खेपेला तर थेट बाबांसारखं."

"अगदी," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. "फरक म्हणून नाही."

"आणि आई, तू यालाही सोडलं नाहीस ना? वरून बघत होतो आम्ही. बिचारा घामाघूम झालाय. जरा गप्प बसली असतीस तर..." बोलता बोलता तिला आईचे लाल डोळे दिसले, आणि आपण आईला काय म्हणतोय तेही लक्षात आलं. तिने हातातलं वॅफल आईपुढे धरलं.

"बोलू दे गं त्यांना," अस्लाक म्हणाला. "अजून कुरणात लावायची आहे."