मास्कखालची दाढी

आमच्या खोऱ्यात अँब्युलन्सवर पूर्णवेळ काम करणारं कुणीच नाही. मी मेंढ्या पाळतो, ओद्नी लोकांचे केस कापते, आणि फोन वाजला की दोघंही हातातलं टाकून पळतो. मी गाडी चालवतो, ती मागे पेशंटजवळ बसते. एकदा तर एका बाईचे केस अर्धवट रंगवून ती तशीच निघून आली होती. ती बाई अजून भेटली की डोक्याला हात लावून दाखवते.

गेल्या वसंतात आमची उजळणी घ्यायला अकुरेयरी शहरातून थ्रोस्तुर नावाचा शिक्षक आला. उंच, शांत माणूस, पंजे फावड्यासारखे. गावच्या सभागृहातल्या टेबलावर त्याने रबरी बाहुला आडवा केला आणि म्हणाला, “आज दुसरं काही नाही. फक्त श्वास. माणूस बेशुद्ध पडला की त्याची जीभ ढिली होऊन मागे पडते आणि आतून दार लावून घेते. तुमचं पहिलं काम ते दार उघडणं. बाकीची हुशारी नंतर.”

डोकं मागे, हनुवटी वर. मानेला मार लागला असेल तर डोकं न हलवता नुसता जबडा पुढे ढकलायचा. इथवर ओद्नीचं सगळं छान जमलं. अडलं ते मास्कपाशी. अंगठा आणि तर्जनीने मास्क धरायचा, उरलेली बोटं जबड्याच्या हाडाखाली रोवायची, आणि दुसऱ्या हाताने रबरी पिशवी पिळून हवा आत सोडायची. मास्कची कड जरा जरी सुटली की हवा फुस्स करून बाहेर. ओद्नीचे हात लहान. तिने पिशवी पिळली की बाहुल्याची छाती ढिम्म हलायची नाही, तिच्याच कपाळावरचे केस तेवढे उडायचे.

“मास्क तोंडावर दाबू नकोस,” थ्रोस्तुर म्हणाला. “तोंड उचलून मास्कमध्ये घे.”

फुस्स.

“दोन्ही हातांनी धर. पिशवी दुसऱ्याला पिळू दे. त्यात कमीपणा नाही, उलट ते जास्त चांगलं.”

“दुसरा कुठून आणू?” ओद्नी भडकली. “हा सिग्मार पुढे गाडी हाकत असतो. मागे मी आणि पेशंट. पेशंटलाच सांगू का, बाबा रे, जरा पिळतोस का?”

“सिग्मारला गाडी थांबवायला सांग.”

“खिंडीत? बर्फात?”

“हो, खिंडीत, बर्फात. ज्याचा श्वास चालत नाही त्याला लवकर पोचवून तरी काय करणार?”

 ओद्नीचं तोंड पाहून मी ओळखलं, ही आता गप्प बसणार नाही. थ्रोस्तुर जाताना तिने सरावाचा एक मास्क आणि पिशवी मागून घेतली.

त्यानंतर गावातल्या लोकांचे हाल सुरू झाले. केस धुवायला माणूस बेसिनवर मान टाकतो तेव्हा त्याचं डोकं आपसूकच मागे गेलेलं असतं, आणि ओद्नीला तेवढं पुरेसं होतं. शांपू लावता लावता तिची बोटं हळूच जबड्याखाली सरकायची. मलाही तिने सोडलं नाही. मी डोळे मिटून मजेत पडलो होतो, तेवढ्यात माझा खालचा जबडा टेबलाच्या खणासारखा पुढे ओढला गेला.

“अगं, ओद्नी!”

“बोलू नकोस. तू बेशुद्ध आहेस.”

“डोळ्यात फेस जातोय माझ्या!”

“बेशुद्ध माणसाला फेस कळत नाही.”

आमच्या पाळकबाईंनी तर रविवारी चर्चच्या दारातच सांगितलं, “माझ्या हनुवटीचं माप आता देवाला आणि ओद्नीला, दोघांनाच ठाऊक.” कुणी रागावलं नाही असं नाही, पण जवळ दुसरं सलूनही नाही.

उन्हाळा संपेपर्यंत तिचा हात बसला. सगळ्या चेहऱ्यांवर, एक केतिल सोडून.

केतिल म्हणजे आमचा डोंगरचा राजा. दर शरदात डोंगरावर मोकळी सोडलेली मेंढरं घोड्यावरून हाकत खाली आणायची असतात. त्या मोहिमेच्या म्होरक्याला आम्ही राजाच म्हणतो, आणि त्याचा शब्द त्या दिवसांत कायदा असतो. केतिलचा देह दाराच्या चौकटीएवढा, गायनमंडळात सगळ्यात खालचा सूर त्याचा, आणि दाढी छातीपर्यंत. मोहिमेच्या आधी तो केस कापायला आला, तेव्हा मी बाजूच्या खुर्चीत माझी पाळी यायची वाट बघत होतो.

“केतिल, हा मास्क जरा तोंडावर ठेवून बघू?” ओद्नीने विचारलं.

“बघ.”

तिने धरला. केतिलने जोरात श्वास सोडला आणि हवा दाढीतून चहूबाजूंनी शीळ घालत निघाली. तिने वंगणाची जेली चोपडली. शीळ जराशी कमी झाली, इतकंच.

“थोडी बारीक करू का रे दाढी? नुसती कडेची.”

“डोक्यावर काय वाटेल ते कर,” केतिल म्हणाला. “दाढीला कात्री लागली तर मी पुढच्या वेळी मेंढ्या कातरणाऱ्याकडे जाईन.”

“आणि तू बेशुद्ध पडलास तर?”

“तर शुद्धीवर येईपर्यंत थांब, आणि परवानगी माग.”

ओद्नीने ते हसण्यावारी नेलं. पण रात्री तिने थ्रोस्तुरला फोन करून विचारलंच, की दाढीवाल्यांचं करायचं काय. त्याने काय सांगितलं ते मला नंतर कळलं.

मेंढरं खाली आली तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. गोल दगडी वाड्यात कळप कोंडलेला, मधोमध पोरंटोरं, म्हातारेकोतारे, शहरातून आलेले नातेवाईक. जो तो कानाची खूण बघून आपापलं मेंढरू शिंगाला धरून आपल्या कप्प्यात ओढतोय. बें-बें आणि आरडाओरडा इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आमची अँब्युलन्स फाटकापाशी उभी, कारण दरवर्षी कुणाचं तरी बोट शिंगात अडकतंच.

दुपारी काम थांबवून सगळे बाहेरच्या लांब टेबलांकडे गेले. मटणाचं गरम सूप होतं, वाफाळलेले बटाटे होते, खरपूस चपट्या भाकऱ्यांवर धुरावलेल्या मटणाच्या जाड चकत्या होत्या. केतिल खूश होता. एकही मेंढरू डोंगरात राहिलं नव्हतं. त्याने भाकरी तोंडात कोंबली, हात वर केला आणि गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला त्याचा सूर तुटला.

आधी सगळ्यांना वाटलं, गंमत करतोय. तो उभा होता, दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं, आणि आवाज काहीच नाही. खोकलासुद्धा नाही. ओद्नीच्या हातातली वाटी खाली पडली.

“केतिल, घास अडकला का?”

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने त्याला पुढे वाकवलं आणि पाठीत खांद्यांच्या मध्ये तळव्याने सणसणीत धपाटे घातले. काही नाही. मग तिने त्याला मागून कवेत घेतलं, पण तिचे हात त्याच्या पोटापुढे एकमेकांना भेटेचनात.

“सिग्मार! तू ये!”

मी मागून मिठी मारून मूठ त्याच्या बेंबीच्या वर रोवली आणि आत-वर असे हिसके दिले. पुन्हा पाठीत धपाटे, पुन्हा हिसके. त्याचे ओठ निळे पडले आणि तो माझ्या हातातच ढिला झाला. त्याला गवतावर निजवताना मी स्वतःही गुडघ्यावर आलो. कुणीतरी मदतीसाठी फोन लावत होतं.

“छाती दाबायला लाग,” ओद्नी ओरडली आणि पळाली. इतकी पळताना मी तिला कधी पाहिली नव्हती. मी दाबत राहिलो. केतिलची बायको थोरा पलीकडून आली, नवऱ्याच्या डोक्याशी बसली आणि त्याच्या कपाळावर तिने हात ठेवला.

ओद्नी बॅग घेऊन आली. केतिलच्या डोक्यामागे ती गवतावर पालथी पडली, घसा बघायचं, टोकाशी दिवा असलेलं पातं त्याच्या तोंडात घालून तिने जीभ बाजूला उचलली आणि आत डोकावली. मी दाबायचा थांबलो.

“दिसतंय का काही?”

“गप्प. थोरा, तुझी सावली पडतेय, सरक.”

दिसलं तरच उचलायचं, नुसतं बोट घालून चाचपडायचं नाही. आंधळेपणाने केलं तर घास आणखी खाली जातो. हे आम्हाला थ्रोस्तुरने दहादा घोकायला लावलं होतं. ओद्नीने लांब वाकडा चिमटा आत सरकवला, मनगट वळवलं, आणि मटणाची चिवट चकती बाहेर आली. चांगली तळव्याएवढी. घडी होऊन बसली होती.

तिने मानेला बोटं लावली. “नाडी आहे. मंद आहे, पण आहे. श्वास नाही. सिग्मार, ऑक्सिजन आण, स्ट्रेचर आण!”

मी गाडीकडे धावलो. म्हणजे आता तिच्याजवळ मी नव्हतो. परत येताना दुरूनच दिसलं, मास्क केतिलच्या तोंडावर आहे, पण हवा दाढीतून पळतेय. ओद्नी मान वर करून ओरडली, “भाकऱ्यांवरचं प्लास्टिक! ताटावर गुंडाळलेलं ते पातळ प्लास्टिक द्या इकडे!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाळकबाईंनी सरळ ताट उपडं करून प्लास्टिक ओढून काढलं. भाकऱ्या गवतात पसरल्या. ओद्नीने ते केतिलच्या दाढीवर मिशीपासून गळ्यापर्यंत ताणून बसवलं, तोंडाच्या जागी बोटाने भोक पाडून चांगलं मोठं केलं, आणि वर मास्क ठेवला. थ्रोस्तुरने फोनवर सांगितलेली युक्ती हीच. दोन्ही अंगठे मास्कवर, बाकीची सगळी बोटं जबड्याखाली.

“थोरा, ती पिशवी घे. पीळ.”

थोराने जन्मभर गाई पिळल्यात. तिने अशी दाबली की पिशवी पार चपटी झाली.

“अगं बाई, हळू! भाता नाही तो! सगळी हवा पोटात जाईल त्याच्या. छाती वर आलेली दिसली की सोडायचं. हं. आता सोड. थांब जरा. पुन्हा.”

छाती वर आली. त्याच्या लोकरी स्वेटरची नक्षी उचलली गेली आणि खाली बसली. पुन्हा उचलली गेली. मी नळी जोडून ऑक्सिजन सुरू केला.  थोराच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात एका लयीत चालले होते.

“छान करतेयस,” ओद्नी म्हणाली. “अशीच कर. माझ्याकडे नको बघूस, त्याच्या छातीकडे बघ.”

ओठांचा निळेपणा आधी कडेने गेला. मग केतिलने स्वतःहून एक श्वास घेतला, घोरल्यासारखा, ओबडधोबड. मग दुसरा. ओद्नीने मास्क उचलला, पण जबडा धरूनच ठेवला. केतिल खोकला, कुशीवर वळवला तसा ओकला, आणि डोळे उघडून आमच्याकडे रागाने बघू लागला.

टाळ्या वाजल्या. वाड्यातली मेंढरं दचकून एका कडेला दाटली.

“काय हे… तोंडाला…” केतिलचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येत होता.

“प्लास्टिक,” थोरा म्हणाली. “भाकरीसारखा गुंडाळून ठेवला होता तुला. पडून राहा.”

इस्पितळापर्यंत थोरा माझ्या शेजारी बसली आणि मधली खिडकी तिने उघडी ठेवली. मागे केतिल ओद्नीशी वाद घालत होता. फाटक्या कानाची काळी मेंढी शेजाऱ्याच्या कप्प्यात गेलीय, ती आपली आहे, कुणीतरी फोन करून सांगा.

“बोलू नकोस, घसा सुजलाय तुझा.”

“पण ती मेंढी…”

“केतिल, मी तुला आत्ताच परत आणलाय. मेंढीसाठी नाही आणला.”

थोरा पुढे हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिने माझ्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

डॉक्टरांनी केतिलला एक रात्र ठेवून घेतलं. छाती दुखेल, घसा काही दिवस बसलेला राहील, बाकी माणूस ठीक आहे, म्हणाले. थोरा त्याच्यापाशीच राहिली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं पेट्रोलपंपावर थांबलो आणि हॉटडॉग घेतले. पहिल्याच घासाला मोहरीची चटणी ओद्नीच्या गणवेशावर सांडली. ती त्या डागाकडे बघत राहिली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, “अजून एक घे माझ्यासाठी. कांदा जास्त घालायला सांग.”

मी घेऊन आलो तोवर तिचा फोन वाजत होता. गावातून पाळकबाई होत्या. केतिल कसा आहे, हे त्यांनी तीनदा विचारून खात्री केली. मेंढरं वाटून झालीत, लोक सभागृहात जमलेत, नाच तर होणारच. फक्त एक अडचण होती.

“खालच्या सुराला कुणी नाही म्हणतायत,” ओद्नीने फोनवर हात ठेवून मला सांगितलं. तिचे डोळे अजून लाल होते, पण ओठ दाबून धरले होते. “केतिलच्या जागी तू गाणार का, विचारतायत.”

“मी? अगं, माझा आवाज खाली जातच नाही!”

तिने फोनवरचा हात काढला. “हो, हो. गाणार म्हणतोय. एका पायावर तयार आहे.”

त्या संध्याकाळी मी गायलो. लोकांनी सहन केलं. ओद्नी पहिल्या रांगेत थोराच्या बहिणीशेजारी बसून पोट धरधरून हसत होती. तिसऱ्या गाण्याला माझा सूर पार कोसळला, तेव्हा तिने उठून मला नाचायला ओढून नेलं, आणि मी मनापासून तिचे आभार मानले.