न्हाणीबाहेर गेलेला शब्द

"मांड्यांले हात नका लावू मावशी," सरस्वती म्हणाली आणि गुडघे छातीशी घेऊन पाटावर आखडून बसली.

झुंबरबाईच्या हातातलं कोमट तेल बोटांवरून गळत होतं. जानेफळात तीस वर्षं ती सुईणपण करत होती आणि बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालत होती. लाजणाऱ्या पोरी तिने खंडीभर पाहिल्या होत्या. पण लाजायचं ते पहिल्या दोन दिवसांत. चोविसाव्या दिवशी लाजणारी बाळंतीण तिला आजच भेटत होती.

"काऊन वं? दुखते काय?"

"दुखत नाई. पाठीले लावा, बाकी राहू द्या."

झुंबरबाईने पाठीला हात लावला आणि ती चपापली. मधले आठ दिवस ती परगावी बाळंतपणाला गेली होती; जाताना भरलेली वाटलेली पाठ आता हाताला टोचत होती. खांद्याची हाडं वर आली होती. बाहेर ओसरीवर लेकरू रडत होतं, आणि तेही जोर नसल्यासारखं. अंगणातून सासूचा, सत्यभामाबाईचा आवाज आला.

"ऐकून राह्यली काय झुंबरबाई? डबाभर डिंकाचे लाडू गेले हिच्या पोटात, अन् लेकराले थेंबभर दूध नाई! खायाले काळ अन् भुईले भार!"

सरस्वतीने मान खाली घातली. झुंबरबाईने तिची हनुवटी धरून वर केली.

"खरं सांग. लाडू कुठी जाऊन राह्यले?"

पोरगी हळूच म्हणाली, "बाजेखालच्या बोचक्यात हायेत. थोडे कावळ्यांले टाकले. भाकर गाईले देते."

"येडी झाली काय तू? अंगावरचं लेकरू हाये!"

"मग काय करू?" सरस्वती एकदम भडकली आणि लगेच आवाज दाबून बोलू लागली. "गावात मले भेली म्हन्तात. गुळाची भेली. ह्यायले बाजारात दोस्तांनी इचारलं, शालिग्राम, भेली केवढ्याले आनली? तवापासून हे घरात आले का माह्याकडं पाहत नाईत. म्हून म्या खानं सोडलं. पन मावशी, गाल बसले, पाठ वाळली, अन् ह्या मांड्या जशाच्या तशा! वरतून तेच खळगे. म्या रोज दाबून पायते."

झुंबरबाईच्या हातातली वाटी पाटावर टेकली.

"कोनं सांगतलं असन वो?" सरस्वती विचारत होती. "म्या कोनासमोर लुगडं सोडलं नाई. सासूबाईनंच सांगतलं असन. तुमचं तं नावच नाई, तुमच्या तोंडाले कुलूप हाये."

यापेक्षा तिने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

कारण तो शब्द झुंबरबाईचाच होता. पाचवी पूजल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या वाड्यावर गेली होती. पाटलीणबाई अन्नपूर्णाबाईच्या पोटऱ्यांत गोळे येत, म्हणून आठवड्यातून दोनदा चोळायला जावं लागे. पाटलीणबाईने सहज विचारलं, "सत्यभामेची सून कशी हाये वं अंगानं?" आणि झुंबरबाईच्या जिभेला खाज सुटली. "काय सांगू, वरून शेवग्याची शेंग, अन् खालून गुळाची भेली! भेलीवर फडक्याचे वळ उठतेत तसे खळगे बी हायेत."

पाटलीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. एरवी ती झुंबरबाईशी कुठं चोळायचं ते सांगण्यापुरतंच बोले. त्या दिवशी तिने स्वतः उठून चहाचा दुसरा कप दिला. झुंबरबाई तो फुंकून फुंकून, चवीने प्यायली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही, पण त्या चहासाठी ती जीभ कितीही वळली असती, हेही तितकंच खरं.

हा धंदा तिला तिच्या सासूने शिकवला होता. नाळ कापण्याआधी हात साबणाने धुवायचे, हे नंतर मेहकरच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईने शिकवलं. पण सासूची शिकवण पहिली होती: न्हाणीतलं पाणी मोरीतून जाऊ द्यायचं, न्हाणीतली गोष्ट कुठूनच जाऊ द्यायची नाही. कुणाच्या पोटावर कसला डाग आहे, कुणाच्या दंडावर कुणाच्या हाताचे वळ आहेत, सगळं तिला ठाऊक होतं आणि तीस वर्षं ते तिच्या पोटात राहिलं होतं. गेलं तेव्हा एका कपापायी गेलं. तिला स्वतःची किळस आली.

"मी आलेच," म्हणून ती उठली आणि न्हाणीबाहेर आली. असंच निघून जावं, उद्या अंग दुखतं म्हणून निरोप धाडावा, असं मनात आलं. कुणालाच कळलं नसतं. ओसरीवर लेकरू आता रडायचंही थांबलं होतं. मूठ तोंडात घालून नुसतं चोखत होतं. ती तिथूनच परत फिरली. न्हाणीचं दार तिने आतून ओढून घेतलं.

"सरस्वते, ऐक. खानं सोडून हे जात नाई. माहं लगन झालं त्या साली दुष्काळ पडला होता. बाया पार काठीवानी झाल्या होत्या. तोंडं वळखू येत नव्हती, पन मांडीवरलं सगळ्यात शेवटी गेलं. देवानं बाईच्या अंगात ती कोठीच ठेवली हाये, लेकरासाठी. तू उपाशी राह्यली तं आधी दूध जाते. मांडी नाई जात."

"मलेच काऊन पन?"

"तुलेच कुठी? हे खळगे सगळ्यायले असतेत. वाळल्या बाईले असतेत, गोऱ्या बाईले असतेत. म्या कितीक मांड्या चोळल्या. आता पाटलीणबाईचंच घे ना, तिच्या तं..."

झुंबरबाई थांबली. तिने जीभ दातांत धरली. पुन्हा तेच! एकीचं झाकायला निघाली होती दुसरीचं उघडून. गावातल्या साऱ्या बायांची अंगं तिला माहीत होती आणि त्यातलं एकही सांगायची तिला मुभा नव्हती. सांगता येण्यासारखं अंग एकच होतं.

तिने कासोटा सोडला. लुगडं गुडघ्यावर, आणखी वर घेतलं आणि ती सरस्वतीसमोर उभी राहिली. साठीला आलेली बाई. हात काटक्यांसारखे, गळ्याची हाडं वर आलेली, आणि खाली त्या दोन मांड्या: मऊ, लोंबत्या, खळग्याखळग्यांच्या. नवऱ्यानेसुद्धा त्या कधी उजेडात पाहिल्या नव्हत्या. शरमेने तिचे कान तापले होते.

"पाह्य. नीट पाह्य."

सरस्वतीने पाहिलं. भीत भीत बोट लावून दाबलं. मग स्वतःच्या मांडीवर दाबून पाहिलं. "सारखंच हाये वो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू आलं.

तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"अन् भेली मीच म्हनलं होतं," झुंबरबाई म्हणाली. "पाटलीणबाईजवळ. तिले हासवाले."

सरस्वतीचं बोट मागे गेलं. तिने स्वतःचं लुगडं ओढून पायांवर घेतलं, घोट्यापर्यंत. मग तोंड फिरवून म्हणाली, "लेकरू आना. अन् त्या बोचक्यातला लाडू आना."

झुंबरबाईने दोन्ही आणलं. पाठमोरी बसून सरस्वतीने लाडू खाल्ला, रडत रडत, पण खाल्ला. लेकराला छातीशी धरलं. "आता जा तुमी," ती म्हणाली. "उद्यापासून माही मी लावीन तेल."

अंगणात सत्यभामाबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "काय म्हन्ते महारानी?"

"तिले बोलू नका, बाई. ती लाजेनं उपाशी राह्यली. गावात तिचं जे नाव पडलं, ते माह्या तोंडातून गेलं." झुंबरबाई हे मोठ्याने म्हणाली, गोठ्यातल्या गड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शालिग्राम गोठ्यात होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

त्यानंतर सहाव्या दिवशी तिच्या कानावर आलं की सरस्वतीला दूध फुटलं. ऐकून ती चुलीपुढे बसून रडली. ज्या बाईने सांगितलं, तिने झुंबरबाईच्या ओसरीवर बसायचं मात्र टाळलं होतं.

पंधरा दिवसांनी वेशीजवळच्या एका घरून बोलावणं आलं. दुसरी सुईण गावात नव्हतीच. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई तेल कोमट करून खोलीत गेली, तर बाळंतिणीने गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"अंगाले माही माय लावून देईन," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "तुमी लेकराचंच पाहा."

"हाव माय," झुंबरबाई म्हणाली.

बाजेकडे पाठ करून ती पाय पसरून बसली, एका दिवसाची पोर तिने पायांवर उताणी घेतली, आणि तिच्या इवल्या, गुबगुबीत मांड्यांना हलक्या हाताने तेल लावू लागली.