वीजबाबांना टाचणी का चालत नाही

सभागृहाबाहेर चपलांचा ढीग आणि आत बोट पुढे करून उभी असलेली रांग. सिंहासनावरच्या वीजबाबांच्या बोटाशी बोट नेलं की ठिणगी पडे आणि माणूस धन्य होऊन दचके.

"ही प्राणवीज आहे, बाळांनो. हिनं दुखणी जातात आणि हिचं बिल येत नाही," बाबा सांगत. सिंहासनाखालची घरघर म्हणजे विश्वाचा नाद, हेही लोकांना पटलं होतं.

नियम दोनच. उभं राहायचं ते ओल्या पायपोसावर, अनवाणी. आणि अंगावर सुई-टाचणी नको. "टोक म्हणजे अहंकार," असं म्हणत स्वयंसेवक झडती घेत.

माझ्या थोरल्या बहिणीनं ही ठिणगी घेतली आणि फिटच्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टर रागावले, मी भांडलो.

"तुला काय कळतंय? मला अंगातून गेलेली जाणवली," ती म्हणाली. ती गॅसपाशी उभी राहिली की माझा जीव टांगणीला लागायचा.

तिच्या मुलीचं दुखणं वेगळं होतं. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिनं स्थिर विजेचं यंत्र बनवलं होतं: शिलाई मशीनची मोटर, प्लॅस्टिकच्या पाइपात रबरी पट्टा आणि वर तोंडाला तोंड जोडलेले दोन स्टीलचे वाडगे. पट्टा फिरे, पण ठिणगी पडेना. पट्टा पुसून झाला, हेअर ड्रायरनं वाळवून झाला.

"मामा, वीज तयार होतेय, पण कुठूनतरी गळतेय."

मोटर बंद करून तिनं वाडग्यांवरून हात फिरवला. एका स्क्रूचं टोक बाहेर आलं होतं. अशा टोकातून वीज गुपचूप हवेत निसटते. तिनं स्क्रू उलटा बसवला, मोटर लावली आणि मला बोट पुढे करायला सांगितलं. मी बोट झटकत होतो तेव्हा ती विचारात पडली होती.

"मामा, बाबांना टाचणी का चालत नसेल?"

पुढच्या दर्शनाला ती वेणीत सुई खोचून आईबरोबर गेली; मीही मागोमाग होतो. पायपोसावर आईशेजारी उभी राहून तिनं सुईचं टोक हळूच बाबांकडे धरलं. बहिणीनं बोट पुढे केलं. काहीच नाही. तिनं बाबांचं बोट चक्क दाबून पाहिलं.

"आज तुझ्या मनात शंका आहे," बाबा म्हणाले.

"मनात नाही, माझ्या हातात आहे," म्हणत भाचीनं सुई दाखवली आणि सिंहासनाचा पडदा उचलला. मोटर, पाइप, पट्टा. "आमच्यासारखंच आहे, आई. सिंहासनाला प्लॅस्टिकचे पाय, म्हणून वीज बाबांच्या अंगात साठते. आपण ओल्यावर उभे, म्हणून ठिणगी पडून ती आपल्यातून जमिनीत जाते. आज सुईनं ती आधीच काढून घेतली."

"पण मशीन तरी सिद्ध असेल ना?" मागून एका गृहस्थांनी विचारलं. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

घरी येऊन बहिणीनं वाडग्यांपाशी बोट नेलं. ठिणगी पडली, तशीच. तिनं पुन्हा बोट नेलं, पुन्हा पडली.

"वाडग्यांनी कुणाच्या फिट बऱ्या होतात होय," ती म्हणाली. "मोटर बंद कर गं. आणि डॉक्टरांना फोन लाव, गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारते."

ठिणगी खरीच होती, आणि तिथेच शहाणी माणसं फसतात. झटका बसला म्हणजे आजार गेला, असं होत नाही. तुम्हाला कुणी टाचणी बाहेर ठेवायला सांगितली तर का, ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.