वरच्या ओढ्यातली शेवंडं

"दाजी, बाजूला व्हा. उद्या जत्रा आहे, अख्खं गाव माझ्या खाणावळीत जेवायला येणार."

फिदेन्सिओ पुलावरून हलला नाही. नदीच्या रखवालीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आज समोर उभा होता त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, सातूरिओ. खांद्यावर गोल जाळ्या, मागे गावातले काही जण.

"जाळ्या कुठून आणल्यास?"

"घरून."

फिदेन्सिओनं जाळी चाचपली. ओलसर होती.

खालच्या नदीत शेवंडं मरत होती. गोड्या पाण्यातली ही शेवंडं एरवी दिवसभर दगडाखाली दडून राहायची. आता ती भरदुपारी उघड्यावर यायची, ताठ पायांवर झोकांड्या खात चालायची आणि उताणी पडायची. पाण्यातली बुरशी आहे, ओल्या जाळीला नि बुटाला चिकटून दुसरीकडे पोचते, असं बुर्गोस शहरातून आलेल्या सरकारी माणसांनी सांगितलं होतं. पुलापलीकडचा हा ओढा तेवढा अजून वाचला होता.

"खालून आणल्यास तू."

"बरं, खालून. तिथं मेलेल्यांशिवाय काय उरलंय? लोकांना दगड शिजवून वाढू?"

मागचे हसले.

"जाळ्या उकळून आण. मग जा."

"सरकारनं टोपी दिली म्हणून ओढा तुमच्या बापाचा झाला होय?" सातूरिओनं त्याला खांद्यानं ढकललं.

फिदेन्सिओनं पाठीवरची बंदूक काढली. इतक्या वर्षांत ती त्यानं माणसावर कधी रोखली नव्हती. हसणारे मागे सरले.

"मला गोळी घालणार? बेनिताच्या भावाला?"

"जाळ्या खाली ठेव, सातूरिओ."

त्यानं ठेवल्या. फिदेन्सिओनं तिथंच, पुलावर, वाळक्या काटक्या घालून त्या पेटवल्या.

घरी बेनितानं सूप पुढ्यात ठेवलं. "माझ्या भावावर बंदूक उगारलीत," एवढंच बोलली. जत्रेत त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, टळटळीत उन्हात, त्याला वरच्या ओढ्याच्या उतारावर एक शेवंड चालताना दिसलं. ताठ पायांवर. तो बघत असतानाच ते उताणं झालं.

रोग कुणी आणला? धनगराच्या कुत्र्यानं, बगळ्यानं, की रोज दोन्ही पाण्यांतून फिरणाऱ्या त्याच्याच बुटांनी? बूट तो रोज धुवायचा. तरी त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मेलेली शेवंडं गोळा करून तो चुन्यात पुरू लागला. एका सकाळी फावडं घेऊन सातूरिओ आला.

"दाजी, मी नव्हतो आलो इथं. आईशप्पथ."

"ठाऊक आहे मला."

मग दोघं काम करत राहिले. दुपारी कडेच्या गवतात यंदाची पिल्लं सापडली, नखाएवढी, तीही मेलेली. सातूरिओनं फावडं बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि ओंजळीत घेऊन ती हलकेच खड्ड्यात ठेवली.